व्यसनी, वेडा की रुग्ण? : रत्नागिरी जिल्ह्यातील व्यसनोपचाराचा पूर्वेतिहास

व्यसनावरील उपचार दोन जागी होऊ शकतो. रुग्णास घरातून उचलून एखाद्या संस्थेत ठेवावे आणि बरा झाल्यावर परत पाठवावे, ही एक रीत. तो आपल्या घरी व आपल्या कामावर राहून ठरल्या दिवशी वैद्याकडे किंवा सल्लागाराकडे येत जावा, ही दुसरी. आजच्या रुग्णालयीन परिभाषेत पहिल्यास आंतररुग्ण व दुसऱ्यास बाह्यरुग्ण पद्धती म्हणतात. कोणास कोणती रीत मानवेल हा वैद्यकाचा प्रश्न होय. आणि तो वैद्यकावर सोपवून इतिहासाच्या अभ्यासकाने बाजूस व्हावे, असे कोणासही वाटेल. परंतु कोकणच्या बाबतीत ही निवड फार काळ वैद्यकाने केलीच नाही. ती आबकारी खात्याने केली, दंडाधिकाऱ्याने केली, पुढे दारूबंदीच्या कायद्याने केली. ती कशी झाली आणि तिचे परिणाम आजच्या उपचारावर कोठवर रेंगाळत आले आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी एक भौगोलिक खुलासा आवश्यक आहे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्हा थेट गोव्याच्या सीमेस भिडलेला होता. स्वातंत्र्योत्तर काळातील रत्नागिरी म्हणजे मंडणगडापासून बांद्यापर्यंतचा प्रदेश, हे ध्यानात ठेवले नाही तर दारूबंदीच्या काळातील अनेक गोष्टींचा उलगडा होत नाही.

या किनाऱ्यावरचे जुने मद्य म्हणजे माडी. नारळीच्या पोयीस छेद देऊन रस काढावयाचा, तो ताजा असता गोड लागतो, ऊन चढू लागले की आंबतो, आणि आंबलेला रस गाळून दारू करता येते. हा व्यवसाय भंडारी समाजाकडे परंपरेने होता. माडी घरच्या माडावरची, काढणारा गावातला, पिणाराही गावातला. तिच्यावर राज्याचा कर पूर्वीही होताच, परंतु पिणे आणि पिकविणे यांत फारसे अंतर नव्हते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने हे अंतर निर्माण केले. छेद द्यावयाच्या प्रत्येक झाडावर कर, गाळण्यावर मक्ता, विकण्यास परवाना, अशी ही रचना होती. चार्ल्स प्रिचर्ड यांच्या अमदानीत ती मुंबई इलाख्यात घट्ट बसविण्यात आली. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न हे या धोरणाचे जाहीर सूत्र होते. त्यातील दुसऱ्या अर्ध्या भागाकडे सरकारचे लक्ष अधिक होते, हे सांगण्यास फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई प्रांताच्या तिजोरीत जमीन महसुलाच्या खालोखाल आबकारीचा भरणा होऊ लागला होता.

या धोरणास विरोध झाला नाही असे नाही. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये शहरातील दारूच्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली; १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढारीपणाखाली पुण्यातच दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, म्हणून तेथे या चळवळीचा अभिमानाने उल्लेख होतो. मात्र या साऱ्या वादात प्रत्यक्ष पिणारा मनुष्य कोठेही बोलताना आढळत नाही. सरकारी अहवालात तो गॅलन आणि रुपये यांच्या रूपाने येतो, सुधारकांच्या लेखनात तो कुटुंबाचा नाश करणारा म्हणून येतो. त्यास काही रोग जडला आहे व त्या रोगास उपाय करावयाचा आहे, ही कल्पना दोन्हीकडे जवळजवळ नाही.

ती कल्पना ज्या एका जागी अप्रत्यक्षपणे का होईना दिसते ती जागा म्हणजे वेड्यांचे इस्पितळ. रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ मध्ये स्थापन झाले. पदच्युत ब्रह्मी राजा थिबा यास कैद करून रत्नागिरीस आणले ते याच वर्षी. हा केवळ योगायोग. तरीही समुद्र आणि सह्याद्री यांच्या बेचक्यातले, रेल्वेपासून दूर असलेले हे गाव माणसांना दृष्टीआड ठेवण्यास सोयीचे मानले जात होते, एवढे त्यावरून समजावे. कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड आणि सिंधमधील हैदराबाद येथेही इलाख्यात अशी इस्पितळे होती. आज महाराष्ट्र शासनाची जी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांत ठाणे, पुणे व नागपूर यांच्या बरोबरीने रत्नागिरीचे नाव आहे.

या इस्पितळांत माणूस कसा येई, हे पाहिले पाहिजे. मूळ आधार १८५८ च्या कायद्याचा. भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा वेडा पोलिसाने पकडावा, दंडाधिकाऱ्यापुढे उभा करावा, वैद्यकीय दाखला घ्यावा आणि इस्पितळात पाठवावा. आप्तांनीही अर्ज करावयाचा तो न्यायासनापुढेच. रुग्णाने आपण होऊन यावे, औषध घ्यावे आणि सायंकाळी घरी परतावे, याची या कायद्यास ओळखच नव्हती. १९१२ च्या कायद्याने स्वखुशीने राहणाऱ्यांस मर्यादित वाट करून दिली. पण तीही आत राहण्याचीच.

अशा व्यवस्थेत दारूबाज किंवा गांजेकस मनुष्य आत येई तो केव्हा? व्यसन लागले तेव्हा नव्हे. त्याने रस्त्यात दंगा केला, कोणास मारले, किंवा दारू अकस्मात तुटल्यामुळे त्यास भ्रम झाला तेव्हा. म्हणजे रोगाच्या अगदी टोकास. आत आल्यावर नशा मिळत नसे, अन्न वेळेवर मिळे; काही आठवड्यांत तो शुद्धीवर येई आणि बरा झाला म्हणून सोडला जाई. सुटल्यावर तो कोठे गेला, कामास लागला की पुन्हा गुत्त्यावर गेला, याची विचारणा करण्याचे कोणाचेच काम नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अशा इस्पितळांचा कारभार बहुधा सिव्हिल सर्जनकडे इतर कामांबरोबर जोडून दिलेला असे. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करणेही न्याय्य नव्हे.

या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांचा तक्ता असे. शारीरिक कारणे एका बाजूस, मानसिक कारणे दुसऱ्या बाजूस. त्यात गांजा, दारू, अफू यांचे रकाने. पुढील संशोधकांनी हे तक्ते वापरताना सावध राहावे, याचे कारण हिंदी गांजा-भांग आयोगाच्या कामात सापडते. १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून हा आयोग नेमण्यात आला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. गांजाने माणसे वेडी होतात व हिंदुस्थानातील इस्पितळे अशा माणसांनी भरली आहेत, अशी समजूत त्या वेळी सार्वत्रिक होती, आणि तिला आधार होता तो वरील तक्त्यांचाच. आयोगाने एक साधी गोष्ट केली. १८९२ या एका वर्षी दाखल झालेल्यांची प्रकरणे पुन्हा एकेक करून तपासली. त्या वर्षी एकंदर १३४४ माणसे दाखल झाली होती आणि त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग-चरस असे लिहिलेले होते. फेरतपासणीत यांतील केवळ ९८ प्रकरणे टिकली. त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणे मिसळलेली निघाली. निखळ म्हणता येतील अशी उरली ६१. मग बाकीच्यांच्या नावापुढे गांजा कोणी लिहिला? पुष्कळ ठिकाणी पोलिसाने. माणूस पकडताना सोबत जो माहितीचा कागद भरावा लागे त्यात कारणाचा रकाना असे, आणि रकाना मोकळा ठेवणे कोणत्याही कचेरीत बरे दिसत नाही. दंडाधिकाऱ्याने तोच शब्द उचलला, इस्पितळाच्या कारकुनाने तो नोंदवहीत उतरविला, सरकारने तो छापला.

आयोगाचा निष्कर्ष गांजाबंदीच्या विरुद्ध गेला, व त्यावर साम्राज्याच्या महसुलाची छाया होती असा आक्षेप घेता येईल. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ज्यास आज आपण रुग्णाचा पूर्ववृत्तान्त म्हणतो, तो घेण्याची जागा या व्यवस्थेत नव्हती. पूर्ववृत्तान्त मिळतो तो घरच्या माणसांकडून, वारंवार भेटीतून. आणि इस्पितळ तर घरापासून तोडण्यासाठीच बांधलेले होते.

मग इस्पितळात न जाणाऱ्या बहुसंख्य व्यसनी माणसांचे काय होई? कोकणात यावर दोन लौकिक उपाय होते आणि आजही आहेत. एक, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून शपथ घेणे. दुसरा, माळ घालणे. तुळशीची माळ गळ्यात आली की मांसमद्य सुटले, हा वारकरी पंथाचा दंडक. या उपायांकडे भाविकतेने पाहणारे आणि उपहासाने पाहणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांच्या रचनेकडे लक्ष देत नाहीत. शपथ एकदाच घ्यावयाची असते, ती मोडली की मनुष्य देवाचा अपराधी ठरतो व लाजेने अधिकच पितो. माळकऱ्यास मात्र एकादशीचा उपास आहे, गावातले भजन आहे, आषाढी-कार्तिकीची वारी आहे. ठरल्या दिवशी त्याच त्या माणसांत जाऊन बसावे लागते आणि न गेल्यास कोणीतरी घरी चौकशीस येतो. एकदा माळ काढून ठेवणाऱ्यास ती पुन्हा घालण्याचीही सोय आहे. बाह्यरुग्ण पद्धतीत ज्यास पाठपुरावा म्हणतात, तो येथे वैद्याशिवाय चालत आला आहे. किती जणांस त्याचा गुण आला हे मोजले गेलेले नाही, तेव्हा त्याचे फार गोडवे गाणेही योग्य नाही. शिवाय ज्यास भक्तीची ओढ नाही त्याच्यासाठी या वाटेवर काही नाही.

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. सुधाकराच्या ऱ्हासाची कथा म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु मध्यंतरी सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामधंदा शोधण्यास बाहेर पडतो, आणि त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही म्हणून पुन्हा पेल्याकडे वळतो, या भागाकडे पाहावे तितके पाहिले गेलेले नाही. दारू सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे कोणाच्या आधाराने काढावयाचे, हा प्रश्न गडकऱ्यांनी मांडला होता. त्या काळच्या समाजाजवळ त्यास उत्तर नव्हते.

त्याचे उत्तर म्हणून पुढील पिढीने दारूबंदी आणली. मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे मुख्य बाळासाहेब खेर हे जन्माने रत्नागिरीचे. त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व आबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होती. गिल्डर हृदयरोगाचे नामांकित वैद्य. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. आरोग्य आणि आबकारी एका वैद्याच्या हाती आलेली असताना व्यसनी माणसाच्या उपचाराची काही योजना व्हावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु भर राहिला तो पुरवठा तोडण्यावर. पुरवठा तुटला की सवय तुटेल, हा त्यामागील विश्वास होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हाच विश्वास राज्यभर नेला आणि एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली.

या कायद्याने दोन फटी ठेवल्या होत्या. पहिली, आरोग्याच्या कारणास्तव वैद्यकीय दाखल्यावर मिळणारा परवाना. तो विदेशी पद्धतीच्या मद्यापुरता असल्याने दाखला काढण्याची ऐपत व ओळख असलेल्या शहरी माणसास त्याचा उपयोग झाला. माडीवर किंवा गावठीवर वाढलेल्या कोकणी शेतकऱ्यास व खलाशास तो मार्ग मोकळा नव्हता. त्याच्यासाठी हातभट्टी उरली, आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकास गोवा. पोर्तुगीज अमलाखाली तेथे दारूबंदी नव्हती. १९ डिसेंबर १९६१ नंतर ते मुक्त झाले तरी बंदी आली नाही. ज्या भंडारी कुटुंबांचा व्यवसाय गेला त्यांच्यापुढे नीरेचा पर्याय ठेवण्यात आला. नीरा टिकते अल्पकाळ व तिचा बाजार शहरात, तेव्हा कोकणातील दूरच्या खेड्यांस त्याचा दिलासा कितीसा मिळाला असेल याची कल्पना करता येते.

दुसरी फट अफूची होती, आणि ती आमच्या विषयाच्या फार जवळची आहे. १९४९ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय अफू परिषदेत असे ठरले की, वैद्यकीय व शास्त्रीय कारणांखेरीज होणारा अफूचा खप दरसाल दहा टक्के घटवीत दहा वर्षांत, म्हणजे १९५९ पर्यंत, संपवावा. त्यानंतर अफू मिळावयाची ती नोंदलेल्या व्यसनी माणसांस, वैद्यकीय कारणावरून, ठरलेल्या मापाने. म्हातारा अफूबाज आपल्या घरी राही, ठरल्या दिवशी दुकानावर जाई, नोंद होई, गोळी घेऊन परत येई. १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे डोल व निस्वांडर या वैद्यांनी हेरॉइनच्या रुग्णांस मेथाडोन रोज मापाने देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचा जगभर गाजावाजा झाला. अफूची नोंदवही तिच्या किती जवळ आली होती आणि किती दूर राहिली, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे. माप होते, नोंद होती, घर सुटत नव्हते. नव्हता तो माप देणारा वैद्य. मोजणारा होता दुकानदार, तपासणारा आबकारीचा शिपाई, आणि दोघांनाही नोंदवहीतील नावे कमी व्हावयास हवी होती. ती नाव गाळून कमी झाली की माणूस बरा होऊन, हा भेद नोंदवहीत दिसत नाही. तरी कायद्याने व्यसनी मनुष्य आपल्या घरी राहतो हे प्रथम येथेच मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

वैद्यक या काळात मुळीच स्तब्ध नव्हते. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. म्हणजे वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता सामान्य रुग्णालयातच मनाच्या तक्रारी सांगण्याची सोय झाली. १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये हाल्ड व याकोबसेन यांनी डायसल्फिराम या औषधाचा गुण प्रसिद्ध केला. रबर-उद्योगात वापरला जाणारा हा पदार्थ पोटात असता मद्य घेतले तर तोंड लाल होते, छाती धडधडते, उलटी होते. सकाळी गोळी घेतली की त्या दिवसापुरता पिण्याचा विचार बाजूस सारता येतो. घरी राहून घेण्याजोगे हे पहिले उपयुक्त औषध. त्याची अट एकच, आणि ती अनिवार्य : रुग्णास ठाऊक असले पाहिजे व त्याची संमती असली पाहिजे. नवऱ्यास न कळत आमटीत मिसळावयाची 'गुप्त औषधे' विकण्याचा जो धंदा आपल्याकडे जाहिरातींच्या बळावर चालतो, तो या अटीच्या नेमका उलट आहे. न सांगता दिलेल्या अशा औषधावर कोणी भरपूर प्याला तर प्राणावर बेतू शकते. बायकोच्या हातून हे घडावे आणि दोष तिच्या माथी यावा, याइतकी क्रूर गोष्ट दुसरी नाही.

अमेरिकेत १९३५ मध्ये निघालेली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मद्यपींची आपसांतील संघटना १९५७ च्या सुमारास मुंबईत आली. तिची सभा म्हणजे वारकऱ्यांचे भजनच नव्हे, पण नेमाने भेटणे, नाव न विचारणे आणि घसरलेल्यास पुन्हा जागा देणे ही तिची अंगे कोकणी माणसास परकी वाटू नयेत.

१९७३ मध्ये महाराष्ट्रात देशी दारू परवान्यासह पुन्हा खुली झाली. त्यापुढील दशकात मुंबईत गर्द आला. हे अशुद्ध हेरॉइन गिरणगावात व झोपडपट्ट्यांत पसरले. अनिल अवचट यांनी त्यावर केलेल्या लेखनाने महाराष्ट्र हादरला. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यास येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या साह्याने, 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. हे केंद्र निवासी आहे. परंतु त्याचे मोठेपण प्रस्तुत लेखकास दिसते ते निवासानंतरच्या व्यवस्थेत. परतलेल्या रुग्णांचा गावोगावी पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट ही ती व्यवस्था होय. शंभर वर्षांपूर्वी ज्या जागी सरकारी इस्पितळाची नोंद संपत असे, तेथून मुक्तांगणाच्या कामाचा कठीण भाग सुरू होतो.

आता मूळ प्रश्न. घरी राहून केलेला उपचार हा निवासी उपचाराचा दुय्यम, गरिबांसाठीचा अवतार आहे काय? या शंकेस पहिला मोठा धक्का दिला तो १९७७ मध्ये लंडनमधील ग्रिफिथ एडवर्ड्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी. शंभर विवाहित मद्यपी पुरुषांची त्यांनी सविस्तर तपासणी केली. अर्ध्यांना वर्षभराचा पुरा उपचार दिला; उरलेल्यांना पत्नीसमक्ष एकच बैठक घेऊन स्पष्ट सल्ला दिला. वर्षअखेर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक आढळला नाही. या प्रयोगावर पुष्कळ वाद झाला व तो होणे योग्यच होते. परंतु खाटा मोजून उपचाराची प्रत ठरविण्याची सवय त्यानंतर पूर्वीसारखी निर्धास्त राहिली नाही.

आमच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रयोग शेजारीच झाला आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक पद्धत पारखली. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्ला देणारे वैद्य नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, काही काळ शिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. बैठका एक ते चार. तीन महिन्यांनी सल्ला मिळालेल्या गटात शेकडा ३६ जणांचे पिणे अपायाच्या मर्यादेखाली आले. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात शेकडा २६ जणांचे. वर्षअखेर हे अंतर वाढून शेकडा ५४ व ३२ असे झाले. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्यांनी पिणे चालू ठेवले त्यांच्या मद्याचे मान सल्ल्याने घटलेले दिसले नाही. आणि पूर्ण परावलंबी झालेले रुग्ण या चाचणीत धरलेले नव्हते. तरीही बांद्याच्या पलीकडे, त्याच माडांच्या व त्याच पावसाच्या मुलखात, एखाद्या आरोग्य केंद्राच्या खोलीत हे काम होऊ शकते हे दिसले. रत्नागिरीच्या अभ्यासकास लंडनपेक्षा हा दाखला जवळचा आहे.

बाहेरून उपचार कोणास देऊ नये, हेही येथेच नमूद करावे. दारू तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ज्यास पूर्वी झटके आले आहेत किंवा भ्रम झाला आहे, ज्याचे यकृत बिघडले आहे, ज्याच्या मनात आत्महत्येचा विचार आहे, किंवा ज्याच्या घरी पाहणारे कोणी नाही, त्यास आधी रुग्णालयात दाखल केले पाहिजे. दारूचे व्यसन एकदम तोडणे हे धैर्याचे काम समजले जाते. काहींच्या बाबतीत ते प्राणघातक असते. उरलेल्या पुष्कळांस मात्र महिनाभर घर सोडणे हेच उपचार टाळण्याचे कारण होते. आंब्याच्या हंगामात बागेवरचा राखणदार जाऊ शकत नाही, नारळी पौर्णिमेनंतर होडीवरचा खलाशी जाऊ शकत नाही. आणि गेलाच तर गावभर बोभाटा होतो.

कोकणची आणखी एक अडचण आहे, जी गोव्याच्या प्रयोगात नव्हती. येथील व्यसनी पुरुष पुष्कळदा दोन ठिकाणी राहतो. गिरणीच्या काळापासून चाकरमानी मुंबईस आणि बायकामुले गावी, ही रीत. गणपतीत आणि शिमग्यात तो घरी येतो, बाकी वर्ष मुंबईच्या खोलीत काढतो. मुंबईच्या दवाखान्यात तो नाव नोंदवील तर पत्नी तेथे नाही. गावी आल्यावर ती त्यास आरोग्य केंद्रात नेईल तर पंधरवड्याने तो परत जाणार. पुढे १९८२ च्या गिरणी-संपानंतर कित्येकजण कायमचे गावी परतले. त्यांच्या पिण्याविषयी घरोघरी ऐकू येते. त्याचा पद्धतशीर अभ्यास एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा हा विषय आहे.

उपचाराच्या प्रसाराचे मान केवढे अल्प आहे, हे केंद्र शासनासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून कळते. मद्यावर परावलंबी झालेल्या दर ३८ व्यक्तींत एकीलाच कसलाही उपचार मिळाल्याचे आढळले. दाखल होऊन उपचार घेतलेली व्यक्ती दर १८० मध्ये एक. उरलेल्यांसाठी खाटा बांधावयाच्या म्हटल्या तर कोणत्याही शासनास ते झेपणार नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली द्रव्ये यांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. मे २०१८ पासून हा कायदा अमलात आहे. त्याच्या अठराव्या कलमाने उपचार हा हक्क ठरविला, त्यात बाह्यरुग्ण सेवा स्पष्टपणे समाविष्ट केली, आणि किमान सेवा शासनाने पुरविली नाही तर जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनावर टाकला. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. मंडणगडहून जिल्ह्याच्या गावी जाऊन परत येण्यात एसटीने दिवस मोडतो, आणि डायसल्फिरामच्या रुग्णास किंवा सल्ल्याच्या बैठकीस येणाऱ्यास आरंभी तरी आठवड्यास एकदा यावे लागते. त्याची बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या पत्नीचे भाडे अठराव्या कलमाच्या 'खर्च' या शब्दात बसते की नाही, हे अद्याप कोणी नियमांच्या भाषेत विचारलेले दिसत नाही.